अंगठ्याची सोयरीक

लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावात कीबोर्ड ओळखीचा झाला तो टायपिंगची परीक्षा आणि एमएस-सीआयटी यांच्यामुळे. तो बडवायचा नोकरीसाठी. खेळायचं ते टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर: पिवळी कॅसेट, दोन ‘रिमोट’ आणि पुढच्या पाळीवरून भांडण. ऑनलाइन आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, कोणी कंट्रोलरवर खेळतो म्हटल्यावर जुने पीसीवाले भुवया उंचावतात, पण आपल्याकडे अंगठ्याचा मान आधीचा.

त्या रिमोटवरची अधिकाची खूण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांची. १९८२चा ‘डाँकी काँग’ हा हातात धरायचा ‘गेम अँड वॉच’ घडी घालून खिशात टाकायचा; त्यावर उभा दांडा ठेवला तर मिटणार कसा? योकोईंनी चार दिशांचा एकच सपाट तुकडा केला. मधोमध टेकू असल्यामुळे एक टोक दाबलं की समोरचं वर उचललं जातं, डावं-उजवं एकदम दबत नाही. १९८३मध्ये हीच खूण निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉमवर गेली. आपल्याकडचे ते स्वस्त व्हिडिओ गेम म्हणजे फॅमिकॉमच्याच नकला.

ऑनलाइन आरपीजीचं घराणं मात्र वेगळं. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ हा गेम लिहायला घेतला, रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेला. चित्र नाही, सगळं टाइप करायचं. त्या घरात कीबोर्डाशिवाय पान हलणार नाही, हे ओघानं आलंच.

दोन घराण्यांची सोयरीक जुळली ती डिसेंबर २०००मध्ये, सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर, ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ या गेममध्ये. लढायला तीन बटणं. उजवा ट्रिगर दाबून धरला की त्याच तिघांना दुसरी तीन कामं. अडलं ते बोलण्यावर. कीबोर्ड जोडता येई, पण नसेल त्यानं काय करायचं? सेगानं तयार वाक्यांची यादीच दिली. जपानी गड्यानं वाक्य निवडलं की जर्मन सोबत्याला ते जर्मनमध्ये दिसे. माझ्या मते या सगळ्या कुळात सर्वांत हुशार तोडगा हाच, आणि तो निघाला बटणं कमी पडली म्हणून.

पुढे २००२मध्ये प्लेस्टेशन २वर ‘फायनल फँटसी ११’ आला. त्याचा चौदावा भाऊ २०१०मध्ये सपशेल आपटला. नाओकी योशिदा यांनी तो नव्यानं उभा केला आणि २०१३मध्ये पीसीबरोबर प्लेस्टेशन ३वरही आणला. त्यातला ‘क्रॉस हॉटबार’, म्हणजे पडद्यावरची कामांची पट्टी, ही ट्रिगरची ती जुनी युक्ती वयात आलेली. डाव्या अंगठ्याखाली चार दिशा, उजव्याखाली चार बटणं. डावा ट्रिगर एल२ धरून आठ कामं, उजवा आर२ धरून आणखी आठ, एकूण सोळा. बाराखडीच म्हणा ना: व्यंजन तेच, काना-वेलांटी बदलली की उच्चार वेगळा. सुरुवातीला बोटं अडखळतात. नंतर नजर पट्टीवरून उठून समोरच्या राक्षसावर जाते.

मोबाइलच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात वर्तुळ आणि उजवीकडे बटणं दिसतात, तीही या कंट्रोलरचीच सावली. लासलगावच्या पोराच्या हातात हे घराणं आलं ते असं, काचेतून.

बऱ्याच उशिरा वाकला तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २००४चा हा कीबोर्ड-माउसचा बालेकिल्ला. त्यानं २०२०मध्ये गेमपॅडला आत घेतलं, तेही मागच्या दारानं. बटणांची नीट मांडणी हवी तर खेळाडूंनीच बनवलेला ‘कन्सोलपोर्ट’ हा जोडप्रोग्राम घालायचा. आणि गेमपॅड चालू करायची मूळ आज्ञा? ती चॅटच्या चौकटीत टाइप करायची, कीबोर्डवर.