तंजावरचे मराठी राज्य, ख्रिस्ती मिशन आणि मुद्रणकला

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत लागणारे पापनाशम हे कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचे गाव आहे. तेथील मंदिराच्या आवारातील नायककालीन भव्य धान्यकोठार या प्रदेशाच्या समृद्धीची साक्ष देते. सन १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतल्यावर हा मुलूख मराठी अमलाखाली आला. येथून पूर्वेला किनाऱ्यावर तरंगंबाडी ही डॅनिश वसाहत होती. हे अंतर फार नसले तरी युरोपीय मिशनऱ्याच्या दृष्टीने ते दीर्घकाळ दुर्लंघ्य होते. कारण मध्ये एका स्वतंत्र राज्याची सीमा होती. ती ओलांडण्याचे काम माणसाआधी छापील पुस्तकाने केले.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविलेले बार्थोलोमाउस झिगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्युट्शाउ हे दोन जर्मन मिशनरी जुलै १७०६ मध्ये तरंगंबाडीस उतरले. झिगेनबाल्गने प्रथम स्थानिक साधनाचाच आश्रय घेतला. त्याने तमिळ ताडपत्रे जमविली, लेखनिक नेमले आणि नकला करविल्या. परंतु ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरणे हे संथ काम होते आणि एका वेळी एकच प्रत तयार होई. म्हणून त्याने युरोपकडे मुद्रणयंत्राची मागणी केली.

हे यंत्र येथवर पोचले त्याची हकिगत मुळातूनच पाहण्यासारखी आहे. लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक सोसायटीने ते धाडले. पण वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ते जहाज फ्रेंचांच्या हाती पडले व त्याची सुटका करून घ्यावी लागली. यंत्राबरोबर निघालेला मुद्रक प्रवासातच मरण पावला. यंत्र १७१२ मध्ये आले, तेव्हा ते चालविणारा जाणकार माणूस डॅनिश कंपनीच्या शिपायांतून शोधावा लागला. तमिळ खिळे जर्मनीतील हाले येथे ओतून १७१३ मध्ये आले. ते इतके मोठे होते की त्यांनी कागद फार खाल्ला असता. म्हणून लहान खिळे तरंगंबाडीतच ओतले गेले आणि कागदाच्या टंचाईवर उपाय म्हणून जवळच पोरैयार येथे कागदाची गिरणी काढण्यात आली. यंत्र परदेशातून आणता येते, पण त्याला लागणारा कागद, धातू व कारागीर जागीच उभे करावे लागतात, हे त्या मिशनला पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळून चुकले. तमिळ नव्या कराराचा पहिला भाग १७१४ मध्ये व उर्वरित भाग १७१५ मध्ये छापून झाला.

या पहिल्या भागाची एक प्रत तंजावरच्या सैन्यातील राजनायकन या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती पडली. तो घराण्याने रोमन कॅथलिक होता. त्या काळी तंजावरच्या मुलखात लुथरन मिशनऱ्याला मोकळेपणी फिरता येत नव्हते. राजनायकनने पुस्तक वाचले, स्वतःहून तरंगंबाडी गाठली आणि १७२७ मध्ये तो त्या मिशनला मिळाला. पुढे तंजावर प्रांतातील कामाचा भार त्याच्यासारख्या देशी उपदेशकांनीच वाहिला. मिशनच्या इतिहासात युरोपीय नावे ठळक दिसतात, ती पुष्कळ अंशी अहवाल त्यांनी लिहिले म्हणून.

अहवालांचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुद्रणाचा अधिक लाभ मिशनला कोठे झाला असे विचारल्यास कावेरीकाठापेक्षा युरोपकडेच बोट दाखवावे लागेल. तरंगंबाडीची पत्रे १७०९ मध्ये लंडनला इंग्रजीत निघाली. १७१० पासून हाले येथे ती अहवालरूपाने छापली जाऊ लागली आणि तो क्रम अनेक दशके चालला. पत्र जाऊन उत्तर येण्यास वर्षाहून अधिक काळ लागे, तरीही या छापील पानांनी दूरच्या देणगीदारांची आस्था टिकविली. मात्र काय छापावे याचा निर्णय तेथेच होई. झिगेनबाल्गने १७१३ मध्ये दक्षिणेतील दैवतांविषयी लिहिलेला अभ्यासपूर्ण ग्रंथ हालेच्या फ्रांकेने छापण्यास नकार दिला. तो मद्रास येथे प्रसिद्ध झाला १८६७ मध्ये!

मराठी दरबाराशी मिशनचा निकटचा संबंध आला तो ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याच्यामुळे. तो १७५० मध्ये तरंगंबाडीस आला आणि १७७८ पासून तंजावरला राहिला. दरबाराशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. तुळजाजी राजांनी दत्तकपुत्र सरफोजी यांचा सांभाळ त्याच्याकडे सोपविला. श्वार्ट्झ १७९८ मध्ये निवर्तला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविले; धर्म मात्र त्यांनी बदलला नाही.

सरफोजींनी मिशनकडून जे घेतले ते यंत्र आणि शिक्षणपद्धती. १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचे चरित्र बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत दगडावर कोरविले, आणि लगेचच, १८०५ च्या सुमारास, ‘नवविद्याकलानिधि’ छापखाना काढून देवनागरी खिळ्यांनी मुद्रण सुरू केले. त्यातून ईसापच्या कथांचे मराठी रूप व काही संस्कृत ग्रंथ निघाले. गोव्यात १६१६ मध्ये छापलेले फादर स्टीफन्सचे पुराण रोमन लिपीत होते, आणि १८०५ मध्येच श्रीरामपूरला विल्यम केरी मराठी व्याकरण छापीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे तंजावरच्या या उद्योगाचे वेगळेपण ध्यानी येते. येथे मराठी मुद्रण एका हिंदू राजाने, धर्मप्रसाराचा हेतू न ठेवता, आपल्या पाठशाळांसाठी केले.

याच दरबाराच्या आश्रयाला श्वार्ट्झचा शिष्य वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) हा तमिळ ख्रिस्ती कवी होता. त्याने १८०० मध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली, ती लोकांच्या ओळखीच्या नृत्यनाट्याच्या घाटात. अक्षरओळख थोड्यांनाच होती. गाणे मात्र सर्वांना कळत होते. त्यामुळे तरंगंबाडीच्या छापखान्याला शंभर वर्षे होत आली तरी खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत धर्मकथा पोचत होती ती मुख्यतः कानावाटे.