देशी बुद्धिबळ: नियमभेद, बलसंतुलन आणि डावाची गती

देशी बुद्धिबळ ही आंतरराष्ट्रीय नियम रूढ होण्यापूर्वी महाराष्ट्रासह भारताच्या बहुतेक भागांत खेळली जाणारी बुद्धिबळाची पद्धती होय. ६४ घरांचा पट आणि राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती व प्यादी हे मोहरे दोन्ही पद्धतींत सारखेच आहेत. मात्र प्याद्याची पहिली चाल, राजाचा बचाव, प्याद्याची बढती आणि डावाचा निकाल यांविषयीचे नियम निराळे आहेत. हे भेद वरवर किरकोळ वाटतात. परंतु दोन्ही बाजूंचे बल कसे तोलले जाते आणि लढाईला केव्हा तोंड फुटते, हे त्यांवरच ठरते. देशी नियम प्रांतोप्रांती थोडेफार बदलत असत. येथे त्यांतील सर्वसाधारण नियमांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बुद्धिबळाचे मूळ ‘चतुरंग’ या भारतीय खेळात आहे. हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे त्यात पटावर मांडली जात. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरित’ या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये या खेळाचे वर्णन आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात काशी येथे रचलेल्या ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागातही बुद्धिबळाची माहिती आढळते. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यातील डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले होते. दोन पद्धतींतील अंतर त्या काळी अभ्यासकांना ठाऊक होते, हे यावरून दिसते.

जुन्या खेळातील बलसंतुलन

भारतातून इराणमार्गे अरब जगतात गेलेल्या ‘शतरंज’ या प्रकारात मोहऱ्यांचे बल आजच्यापेक्षा बरेच कमी होते. वजिराच्या जागी असलेला मंत्री तिरपे एकच घर चाले. पटाच्या मध्यभागी असताना आजच्या वजिराला रिकाम्या पटावर २७ घरे खुली असतात, तर त्या मंत्र्याला केवळ चार असत. आजच्या उंटाच्या जागी असलेला मोहरा तिरपा दुसऱ्या घरात उडी मारी. त्यामुळे संपूर्ण डावात त्याला ६४ पैकी आठच घरे गाठता येत. हत्तीसारखा सरळ चालणारा कोपऱ्यातील मोहरा हाच सर्वांत बलवान ठरे.

एवढ्या मंद सैन्यात मात करणे अवघड होते. म्हणून प्रतिपक्षाचे सर्व मोहरे मारून राजा एकटा पाडला, तरी तो विजय मानला जाई. दोन्ही सैन्यांची गाठ पडण्यास अनेक चाली लागत असल्याने अरब खेळाडूंनी ‘तबिया’ नावाच्या ठरावीक मांडण्या तयार केल्या होत्या.

१४७५ च्या सुमारास स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे मंत्र्याला आजच्या वजिराची आणि त्याच्या शेजारच्या मोहऱ्याला आजच्या उंटाची चाल मिळाली. अवघ्या काही चालींत मात होऊ शकेल असा वेग खेळाला आला. पुढे भारतानेही वजीर व उंट यांच्या लांब चाली स्वीकारल्या. पण युरोपातील इतर सुधारणा सरसकट घेतल्या नाहीत. देशी बुद्धिबळाचे वेगळेपण या निवडीत आहे.

देशी नियम व त्यांचे परिणाम

प्याद्याची चाल: देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः एकेकच घर पुढे सरकते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत राजांपुढील प्यादी प्रत्येकी एका चालीत पटाच्या मध्यावर समोरासमोर येतात. देशी पद्धतीत त्याच स्थितीला प्रत्येकी दोन चाली लागतात. परिणामी सुरुवात संथ होते आणि मोहऱ्यांची भक्कम मांडणी करण्यास अवधी मिळतो. हा संथपणा कमी करण्यासाठी काही ठिकाणी प्रत्येक खेळाडूला आरंभी आपल्या अर्ध्या पटात सलग काही चाली करू देत.

राजाचा बचाव: देशी पद्धतीत किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येते. मात्र एकदा शह बसला की ही सवलत जाते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत शह बसला तरी राजा न हलवता तो परतवल्यास किल्लेकोटाचा हक्क शाबूत राहतो. त्यामुळे देशी डावात सुरुवातीच्या साध्या शहालाही मोल असते.

बढती: शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे ज्या उभ्या ओळीत असेल, त्या ओळीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेते, राजाच्या व वजिराच्या ओळीत त्याचा वजीर होतो. अनेक ठिकाणी तो मोहरा आधी मेलेला असणेही आवश्यक असे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोणत्याही ओळीतील प्याद्याचा वजीर करता येत असल्याने एका जादा प्याद्यावरही डाव जिंकता येतो. देशी पद्धतीत घोड्याच्या ओळीतील प्याद्याचा घोडाच होतो आणि केवळ राजा व घोडा यांच्या बळावर एकट्या राजावर मात होऊ शकत नाही. प्याद्याचे मोल असे त्याच्या ओळीनुसार बदलते.

बुर्जी: प्रतिपक्षाचा राजा एकटा उरल्यास डाव ‘बुर्जी’ होऊन बरोबरीत सुटतो. शतरंजमधील नियमाच्या हे नेमके उलट आहे. वरचढ खेळाडूला प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा मोहरा मारण्याचा मोह टाळून, तो जिवंत असतानाच मात करावी लागते. दुबळ्या बाजूला मात्र आपले उरलेले मोहरे मारून घेऊन डाव वाचवण्याची संधी मिळते. केवळ संख्याबळ पुरेसे न मानणारा हा नियम अंतिम टप्प्यातील लढत अटीतटीची करतो. प्याद्याने केलेली मात, म्हणजे ‘प्यादेमात’, विशेष मानाची समजली जाण्यामागेही हीच दृष्टी दिसते.

पद्धतींतील स्थित्यंतर

देशी पद्धतीत तयार झालेल्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय डावाचा प्रारंभ अवघड जाई. पंजाबातील मीर सुलतान खान हे याचे ठळक उदाहरण. प्रारंभाच्या ग्रंथोक्त अभ्यासात ते कमी पडत. तरीही मध्यडाव व अंतिम टप्प्यातील कौशल्यावर त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले.

१९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्ये महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या आणि १९८१ मध्ये त्यांच्या भगिनी रोहिणी यांनी आशियाई अजिंक्यपद मिळवले. संघटित स्पर्धांमध्ये आंतरराष्ट्रीय नियम रुळल्यावर देशी पद्धती घरगुती खेळापुरती उरली.

डावाचा वेग केवळ चालींच्या नियमांनी ठरत नाही. विचाराचा वेळ मोजण्यासाठी १८८३ च्या लंडन स्पर्धेत दुहेरी घड्याळाचा वापर झाला. प्यादे न हलता आणि मोहरा न मरता दोन्ही बाजूंच्या ५० चाली झाल्यास बरोबरी मागण्याची तरतूदही रेंगाळणाऱ्या डावांना आळा घालते.

इतर युद्धखेळांशी संबंध

१७८० मध्ये जर्मनीतील ब्रुन्सविक येथे योहान हेलविग यांनी बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून युद्धखेळ रचला. १८२४ मध्ये प्रशियात राइसवित्झ यांनी फासे व पंच यांचा उपयोग करणारा ‘क्रीगस्पील’ हा खेळ सैन्याच्या प्रशिक्षणासाठी सादर केला. याच युद्धखेळांच्या परंपरेतून १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या २००८ मधील चौथ्या आवृत्तीत पात्रांचे बल काटेकोर तोलले गेले, पण लढाया लांबतात अशी टीका झाली. २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत त्या आटोपशीर करण्यात आल्या. मोहऱ्यांना किती बल द्यावे आणि निर्णय किती लवकर लागावा, या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न शतरंज, देशी बुद्धिबळ आणि आधुनिक भूमिकाखेळ या सर्वांत सारखाच आहे.