राजाश्रय आणि लोकाश्रय

आम्हा वऱ्हाडकरांना राजदरबार असा ठाऊकच नाही. निजामाने 1853 साली हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. अमरावती-अकोल्यास कापसाचा बाजार फुलला. पण गवयाला तनखा बांधून देणारा राजा काही आम्हांस लाभला नाही. म्हणूनच की काय, राजाश्रयाच्या कथा वाचताना माझ्या मनात प्रश्न येतो, की आश्रयदाता कलावंताला नेमके देतो तरी काय?

रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने 1888 साली चैकॉव्हस्की या थोर संगीतकाराला सालीना 3000 रूबलांचा तहहयात तनखा दिला. त्याच साली त्याने आपली पाचवी सिंफनी रचली. 1893 मध्ये तो वारला, तेव्हा अंत्यविधीचा खर्चही झारनेच सोसला.

असाच एक योग आपल्या महाराष्ट्रात कोल्हापुरास जुळून आला. छत्रपती शाहू महाराज म्हटले की आपल्याला खासबागेचे कुस्तीचे मैदान आठवते. पण 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभारणारेही तेच, आणि उस्ताद अल्लादिया खाँना दरबारी ठेवणारेही तेच. खाँसाहेबांचा जन्म 1855 चा, राजस्थानातील उणियाऱ्याचा. अति गाण्याने त्यांचा आवाज एकदा पार बसला होता. अशा गळ्यातून त्यांनी स्वतःची नवी गायकी घडवली. अनवट राग उजेडात आणले, ‘अहमदपिया’ या नावाने चिजा बांधल्या. हे काम घाईचे नव्हे. त्याला लागते उसंत. उद्याच्या चुलीची चिंता नसलेली उसंत. कोल्हापूरने त्यांना दिली ती हीच!

पण राजाश्रयाची दोरी एकाच माणसाच्या आयुष्याला बांधलेली असते. 1922 साली महाराज निवर्तले आणि खाँसाहेब मुंबईस गेले. तेथे 1946 मध्ये त्यांचे देहावसान झाले.

मग आमच्या वऱ्हाडाचे काय? आमच्याकडे राजा होता तो तिकीट काढणारा प्रेक्षक! अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभि’ 1927 साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा. मंडळीचा संसार चाले तो प्रेक्षकांच्या पैशांवर. हा राजा मरत नाही, परंतु त्याची मर्जी फिरते. बोलपट आले आणि पुढच्या काही वर्षांत नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या.

तनखा संपला, मंडळ्या मोडल्या. तरी खाँसाहेबांचे गाणे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठी राहिले. मला वाटते, शेवटचा आश्रय हाच. वाचकहो, आपल्या घरातले एखादे पोर तानपुऱ्याशी बसले, तर त्याला तासभर कोणी हाक मारू नये. झाराचा खजिना आपल्यापाशी नाही, पण एवढी उसंत तर आपण देऊ शकतो!