वाड्याविना देवडी : मॉस्कोचं क्रोपोत्किन्स्काया स्टेशन

आज आपण मॉस्कोच्या क्रोपोत्किन्स्काया या भुयारी मेट्रो स्टेशनात उतरू या. उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की इथे उजेड भरपूर आहे, पण दिवे दिसत नाहीत. संगमरवरी खांबांच्या दोन रांगा आहेत. प्रत्येक खांब वर जाताना फुलासारखा उमलतो आणि छताला पाचकोनी ताऱ्याच्या आकारात मिळतो. दिवे त्या उमललेल्या टोकांत लपवलेले आहेत. त्यांचा प्रकाश पांढऱ्या छतावर पडून खाली पसरतो, त्यामुळे डोक्यावर जमिनीचा भार आहे असं वाटतच नाही. वास्तुरचनाकार अलेक्सेय दुश्किन यांना ही कल्पना प्राचीन इजिप्तच्या मंदिरांवरून सुचली. याकोव लिख्तेनबर्ग त्यांचे सहकारी होते.

आता एका स्टेशनाला एवढा थाट कशाला? उत्तर त्याच्या पहिल्या नावात आहे. १५ मे १९३५ रोजी मॉस्को मेट्रो सुरू झाली, तेव्हा या स्टेशनाचं नाव होतं ‘सोव्हिएतांचा प्रासाद’. शेजारीच नेपोलियनवरच्या विजयाचं स्मारक म्हणून बांधलेलं भव्य ख्रिस्तमंदिर होतं. ते ५ डिसेंबर १९३१ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आलं. तिथे बोरिस इओफान यांच्या आराखड्यानुसार, माथ्यावरच्या लेनिनच्या पुतळ्यासह ४१५ मीटर उंचीचा प्रासाद उभा राहायचा होता. आपलं हे स्टेशन म्हणजे त्या वाड्याची देवडी.

वाडा झालाच नाही. पाया पडला, पोलादी सांगाडा वर येऊ लागला, तोच १९४१ साली युद्ध आलं. सांगाडा उतरवून पोलाद युद्धाच्या कामी लावलं. १९६० साली त्या जागी उघडा जलतरण तलाव झाला. पुढे तलावही गेला, आणि मंदिर नव्याने बांधून २००० साली त्याची प्रतिष्ठापना झाली.

मधल्या काळात, १९५७ साली, स्टेशनाला प्योत्र क्रोपोत्किनचं नाव मिळालं. हा जन्माने राजपुत्र, याच भागात जन्मलेला. पण विचाराने अराज्यवादी. राज्यसंस्थाच नको म्हणणारा! राज्यसत्तेच्या सगळ्यात मोठ्या प्रासादाच्या देवडीवर आज त्याचं नाव आहे.

वर इतकी उलथापालथ झाली, खालचे खांब मात्र तसेच आहेत. ते सुंदर आहेत, यात शंका नाही. पण आपण इतिहास वाचणारी माणसं. संगमरवर पाहून ‘वा!’ म्हणून आपलं भागत नाही. हे ज्या वाड्यासाठी बांधलं, त्याच वाड्यासाठी काय पाडलं, हेही आपल्याला विचारावं लागतं.