हेवा आणि दावा : मराठीतील स्पर्धावाचक शब्दांचा इतिहास

भाऊबंदकी हा जणू मराठी माणसाचा स्थायीभाव आहे, असे गृहीत धरून मराठेशाहीच्या ऱ्हासाची चर्चा वारंवार झालेली आहे. या चर्चेत भाऊबंदकी हा शब्द स्वभाववाचक ठरतो. त्याची घडण मात्र निराळे काही सुचविते. पाटीलकी, गावकी, भावकी या शब्दांतील 'की' हा प्रत्यय पद, हक्क किंवा समूह दर्शवितो. भावकी तर आजही कुळातील माणसांचा समुदाय एवढ्याच अर्थाने वापरली जाते. घडणीवरून पाहता भाऊबंदकी हे नात्याचे नाव आहे. नात्याच्या नावाला वैराचा अर्थ का चिकटावा, हा खरा प्रश्न आहे.

हा अर्थबदल मराठीपुरता नाही. संस्कृतात 'भ्रातृव्य' म्हणजे भावाचा मुलगा वा चुलतभाऊ; परंतु त्याच शब्दाचा 'शत्रू' हा अर्थही पाणिनीने स्वतंत्र सूत्रात नोंदविला आहे. 'सपत्नी'वरून 'सपत्न', म्हणजे प्रतिस्पर्धी, हा पुल्लिंगी शब्द सिद्ध झाला. मराठीतील 'सवत' त्याच सपत्नीची वंशज होय. प्रतिस्पर्ध्याला नाव देताना भाषा परक्याकडे गेलेली नाही. एकाच वस्तूवर ज्याचा आपल्याइतकाच अधिकार आहे, तो तिच्या दृष्टीने प्रतिस्पर्धी ठरला.

या दृष्टीमागे वारसाहक्काची व्यवस्था आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या 'मिताक्षरे'ने वडिलार्जित मालमत्तेत पुत्राला जन्मतःच अधिकार दिला. घरात जन्मणारा प्रत्येक भाऊ त्यामुळे वाटेकरी झाला. 'दायाद' म्हणजे दाय घेणारा. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी व्यंकोजींकडे शहाजीराजांच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला, तेव्हा राज्याच्या पातळीवर हीच भाषा बोलली गेली. गावच्या वतनात तिला आणखी एक पेच पडे. जमीन वाटून घेता येई. वडीलपण आणि होळीच्या पोळीचा मान वाटता येत नसे. ज्याचे तुकडे पडत नाहीत त्यासाठी झालेले तंटे पिढ्यानपिढ्या चालत.

या तंट्यांचा सर्वांत बोलका अवशेष म्हणजे 'दावा' हा शब्द. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हक्काची मागणी. मराठीने तो फिर्यादीसाठी स्वीकारला आणि वैरासाठीही. दावा लावणे आणि दावा साधणे हे दोन्ही वाक्प्रचार त्यातून आले. 'कज्जा' न्यायालयातून निघून असाच भांडणापर्यंत पोहोचला. 'हेवेदावे' या जोडशब्दात तर मनातील जळफळाट आणि हक्काची मागणी शेजारी शेजारी उभी आहेत. हेवा अंतःकरणात असतो. दाव्याला कागद, साक्षीदार आणि सभा लागते. कालांतराने दाव्यामागचा कागद विस्मृतीत गेला आणि जोडशब्दाचा सारा भार हेव्याकडे कलला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाकडे या संदर्भात पाहणे अगत्याचे ठरते. वतनदारांच्या घरातला शब्द येथे पेशवाईचे शीर्षक झाला आहे. नाटकाच्या केंद्रस्थानी ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणरावांचा खून आहे. त्यापूर्वीच रघुनाथरावांनी राज्याची अर्धी वाटणी मागितली होती आणि १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत त्यांचा पाडाव झाला होता. पेशवेपद वतनाप्रमाणे वंशपरंपरेने चालत आले होते. परंतु ते राज्याचा कारभार चालविणारे पद असल्याने त्याची वाटणी शक्य नव्हती. हा अंतर्विरोध दाव्याचा होता. लोकस्मृतीने मात्र आनंदीबाईंचा 'ध'चा 'मा' जपून ठेवला. वारसाहक्कातील पेच एका स्त्रीच्या मत्सरात विरघळला. नाटकातही महत्त्वाकांक्षेचे चित्रण प्रभावी आहे. तथापि रामशास्त्र्यांची उपस्थिती प्रश्नाला न्यायाच्या कक्षेत परत आणते. या नाटकाचे वाचन केवळ स्वभावदर्शनापुरते मर्यादित राहिल्यास शीर्षकातील निम्मा अर्थ हातून निसटतो.

'स्पर्धा' हाही जुना संस्कृत शब्द. पण त्याचे आजचे वजन नव्या संस्थांनी दिले. १८५५ पासून सनदी सेवेची भरती लंडनमधील खुल्या परीक्षेने होऊ लागली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षेतील प्रतिस्पर्धी अनोळखी असतो. त्याच्याशी नाते नसते, वाटणी नसते, म्हणून वैरही धरावे लागत नाही. 'स्पर्धा परीक्षा' हा आजचा जोडशब्द अशा रीतीने निर्दोष वाटतो. 'दावेदार'ही पालटला: जुन्या मराठीतील वैरी आता वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर विजेतेपदाचा मानाचा उमेदवार झाला आहे.

तरीही साहित्यसंस्थांतील वा राजकीय पक्षांतील चुरस तीव्र झाली की मराठी लेखणी 'स्पर्धा' बाजूला ठेवून 'भाऊबंदकी'च उचलते. त्यामागे केवळ सवय नाही. पद, मान आणि वारसा यांवरचे हक्क अद्याप नात्यांच्या भाषेत मोजले जातात, याची ती अभावित कबुली आहे. म्हणूनच भाऊबंदकीला समाजाचा स्वभाव म्हणून निकालात काढणे हे इतिहासाचे स्पष्टीकरण ठरत नाही. कोणत्या वस्तूवर, कोणत्या नियमाने आणि किती जणांचा दावा होता, हे विचारल्यावाचून हेव्याचा अर्थ लागत नाही.