बार अकरालाच का बंद होतो? एका निळ्या कागदाची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका कागदापासून.

लंडनमध्ये मी राहते त्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक छोटासा सीफूड बार आहे. 22 खुर्च्या, एक लांब काउंटर आणि बर्फावर मांडलेली कालवं. इथे त्यांना ऑयस्टर म्हणतात आणि नगावर विकतात, हे रत्नागिरीत माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती हसतच सुटली. तर या बारच्या काचेवर मार्च महिन्यात एक फिकट निळा कागद लागला. शुक्रवारी आणि शनिवारी दारू देण्याची वेळ रात्री 11 ऐवजी साडेबारापर्यंत वाढवून मिळावी, असा अर्ज. कायद्याप्रमाणे हा कागद 28 दिवस दर्शनी भागात लावावा लागतो, आणि निळाच लागतो. तेवढ्या दिवसांत कुणालाही काउन्सिलकडे लेखी म्हणणं पाठवता येतं. विरोधात, तसंच बाजूनेही.

माझ्या बेडरूमची खिडकी बरोब्बर त्या दाराच्या वर.

बार चालवणाऱ्या बाईंना मी विचारलं, दीड तासाने एवढं काय होणार? त्यांचं उत्तर सरळ हिशोबाचं होतं. संध्याकाळी सातला पहिली पंगत बसते, ती नऊला उठते. दुसरी सव्वानऊ-साडेनऊला बसते आणि साडेदहाला तिला सांगावं लागतं, लास्ट ऑर्डर. दुसरी बाटली कुणी मागवत नाही, मग दुसरी डिशही नाही. आणि मासळी काही जीन्सची पँट नाही, की आज नाही विकली तर उद्या विकू. सकाळी घेतलेला चिंबोरा आजच जायला हवा. शुक्रवार-शनिवारच्या दुसऱ्या पंगतीवर त्यांचं भाडं अवलंबून.

आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटमधला माणूस बस चालवतो. शनिवारी पहाटे चारला उठतो. त्याचा विरोध होता आणि तोही खरा होता.

माझा असा निर्णय अडला की मी जुनं वाचायला बसते. प्रश्न एवढाच होता, की मुळात हे अकरा आले कुठून?

पहिल्या महायुद्धाआधीच्या लंडनचा पब पहाटे पाचला उघडायचा आणि रात्री साडेबाराला बंद व्हायचा. साडेएकोणीस तास! गोदीतला हमाल कामावर जाताना एक घोट मारून जायचा. बंद होण्याच्या वेळेवर कायदा आधीपासून होता, 1872 च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टने आणि 1874 च्या दुरुस्तीने ती ठरवलेली होती. पण दुपारी शटर पाडायचं, रात्री लवकर घरी हाकलायचं, हे सगळं आलं युद्धाबरोबर.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एक कायदा झाला. त्याच्या नावातच ‘टेम्पररी’ होतं. तात्पुरते निर्बंध. हा शब्द लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी आघाडीवर तोफगोळे कमी पडायला लागले. कारखान्यातला कामगार सोमवारी दांड्या मारतो, कारण शनिवार-रविवार पितो, असं सरकारचं म्हणणं. लॉइड जॉर्ज तेव्हा अर्थमंत्री होते. जर्मनीच्या पाणबुड्यांपेक्षा दारू देशाचं जास्त नुकसान करतेय, अशा अर्थाचं भाषण त्यांनी केलं. राजा पाचवा जॉर्ज यांनी युद्ध संपेपर्यंत राजवाड्यात दारू बंद केली. बहुतेक मंत्री आणि खासदार काही त्यांच्या मागोमाग गेले नाहीत, पण ते असो.

मग 1915 मध्ये दारूच्या धंद्यावर नियंत्रण ठेवणारं एक केंद्रीय मंडळ आलं. त्याने जिथे जिथे आदेश लावला तिथे साधारण असं झालं: दुपारी बारा ते अडीच, संध्याकाळी साडेसहा ते नऊ किंवा साडेनऊ. बस्स. साडेएकोणीस तासांचे साडेपाच झाले. लंडनमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दुसऱ्याला पाजणंसुद्धा गुन्हा ठरलं. म्हणजे तुम्ही मित्राच्या बिअरचे पैसे दिलेत तर तुम्ही, तुमचा मित्र आणि गल्ल्यावरचा माणूस, तिघांवर खटला. ‘आजचा राउंड माझा’ हे वाक्य बेकायदेशीर!

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण याचा परिणाम झाला. इंग्लंड-वेल्समध्ये दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल 1913 मध्ये पावणेदोन लाखांहून जास्त शिक्षा झाल्या होत्या, 1918 मध्ये त्या तीस हजारांच्या आत आल्या. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर याचं सगळं श्रेय घड्याळाला देता येत नाही. लाखो तरुण पुरुष देशातच नव्हते, खंदकात होते. बिअर पातळ आणि महाग झाली होती. तरी वेळेचा वाटा होताच. म्हणून शेजारच्या बस ड्रायव्हरला ‘जुनाट विचारांचा’ म्हणून उडवून लावणं मला जमेना.

पण युद्ध संपलं आणि तात्पुरतं गेलं नाही. 1921 च्या कायद्याने दुपारची सुट्टी कायम केली आणि लंडनमध्ये रात्री अकरा ही हद्द बसवली. इतर ठिकाणी साधारण दहा. दुपारची ती सुट्टी सोमवार ते शनिवार उठायला ऑगस्ट 1988 उजाडावा लागला, रविवारची तर 1995 पर्यंत टिकली. तोफगोळे कमी पडले म्हणून लावलेला नियम! तोवर दुसरं महायुद्ध होऊन गेलं, बीटल्स येऊन फुटून गेले, तरी दुपारी अडीच-तीनला पबवाला घंटा वाजवतोच आहे.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात आणखी कडक प्रयोग चालला होता. 1916 मध्ये तिथल्या अनेक राज्यांत पब संध्याकाळी सहालाच बंद. कामगार पाचला सुटणार, सहाला बार बंद होणार. मग काय, त्या एका तासात जेवढी ओतता येईल तेवढी घशात ओतायची. याला तिथे ‘सिक्स ओ’क्लॉक स्विल’ असं नावच पडलं. स्विल म्हणजे डुकरांना घालतात ते खरकटं. भिंतींना टाइल्स, म्हणजे नंतर पाइप लावून धुवायला सोपं. न्यू साउथ वेल्सने हे 1955 मध्ये सोडलं, व्हिक्टोरियाने 1966 मध्ये, साउथ ऑस्ट्रेलियाने 1967 मध्ये. वेळ कमी केली की माणूस कमी पितो, हे कधी खरं ठरतं. कधी तो नुसता भराभर पितो.

आता मला जे खरं सांगायचंय तिकडे येते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की या कायद्यांमध्ये दारूचा प्रश्न जेवढा आहे, तेवढाच ‘कोण पितंय’ हा आहे.

1854 मध्ये इंग्लंडमध्ये रविवारी बिअर विकण्याच्या वेळा कापल्या. लगेच पुढच्या वर्षी रविवारी दुकानंच बंद करण्याचं विधेयक आलं. कामगाराचा पगार शनिवारी रात्री उशिरा व्हायचा, तो खरेदी करणार कधी? रविवारी. पिणार कधी? रविवारी. श्रीमंतांच्या घरी मात्र तळघरात वाइन होती, नोकर होते, आणि खासगी क्लब होते. 24 जून 1855 ला हाइड पार्कमध्ये लोक जमले आणि फेरफटका मारायला निघालेल्या उमरावांच्या बग्ग्यांवर ओरडायला लागले, की तुम्हीच जा चर्चमध्ये! त्या गर्दीत कार्ल मार्क्स हजर होता. इंग्लंडमधली क्रांती काल सुरू झाली, असं काहीसं त्याने एका जर्मन वृत्तपत्राला उत्साहाने लिहून पाठवलं. क्रांती काही झाली नाही, पण विधेयक मागे घेतलं गेलं आणि रविवारच्या बिअरच्या वेळाही सैल झाल्या.

आणि कामगार नसाल, तर सवलत कशी मिळवायची? उत्तर: ताट. समोर ताट असलं की पिणारा ‘सभ्य’ होतो. 1921 च्याच कायद्यात एक पळवाट होती, जेवणासोबत दारू देत असाल तर वरचा एक तास जास्त. उभ्याने बिअर पिणारा अकराला बाहेर, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर मासा खाणारा बारापर्यंत आत.

मासळीचीच गंमत बघा. ज्या कालवांवर आज लिंबू पिळून फोटो काढतात, ती एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गरिबांचं खाणं होती. हेन्री मेह्यूने 1851 च्या सुमारास रस्त्यावरच्या फेरीवाल्यांचा अभ्यास केला, त्याच्या हिशोबात बिलिंग्सगेटच्या मासळीबाजारात वर्षाला जवळजवळ 50 कोटी कालवं यायची. गाडीवर उभं राहून व्हिनेगर टाकून खायची. मग समुद्रतळ खरवडून खरवडून ती संपत आली, पाणी घाण झालं, भाव चढले. आणि भाव चढल्यावर तीच कालवं प्रतिष्ठित झाली. तेच शिंपलं, तीच चव. आज आमच्या खालच्या बारला ‘नेबरहुडची शोभा’ म्हणतात ते त्या शिंपल्यांमुळे.

ताटाची पळवाट निघाली की ताटाचा खेळ होणारच. न्यूयॉर्कमध्ये 1896 च्या रेन्स कायद्याने रविवारी दारू फक्त हॉटेलात, जेवणासोबत आणि हॉटेल म्हणजे किमान दहा खोल्या, असं ठरवलं. लगेच गुत्तेवाल्यांनी माडीवर फळ्या ठोकून दहा खोल्या काढल्या, आणि टेबलावर एक सँडविच. तेच वाळकं सँडविच या टेबलावरून त्या टेबलावर, दिवसभर. खायचं नाही, फक्त हजेरी लावायची. आणि हे फार जुनं आहे असं समजू नका. डिसेंबर 2020 मध्ये कोविडच्या काळात इंग्लंडच्या बऱ्याच भागांत पबला दारू द्यायची तर ‘भरपेट जेवणा’सोबतच, असा नियम होता. तेव्हा स्कॉच एग, म्हणजे डुकराच्या खिम्यात गुंडाळून तळलेलं एक अंडं, जेवण धरायचं का यावर मंत्री टीव्हीवर बोलत होते. खरंच. गूगल करून बघा.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे दारूबंदीचा 1949 चा कायदा आजही पुस्तकात आहे, म्हणून तर बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत मॉल आणि खाण्याची ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवायला सरकारने हो म्हटलं, पण दारू मात्र दीडपर्यंतच. बोंबील रात्रभर, पेग दीडपर्यंत.

तर इंग्लंडमध्ये शेवटी 2003 चा कायदा झाला, तो नोव्हेंबर 2005 पासून लागू झाला. यात देशभराची एकच वेळ काढून टाकली. प्रत्येक दुकानाने आपली वेळ मागायची आणि काउन्सिलने चार गोष्टी बघायच्या: गुन्हे, लोकांची सुरक्षितता, शेजाऱ्यांना त्रास, मुलांचं हित. तेव्हा पेपरांनी आता चोवीस तास दारू म्हणून बोंब ठोकली होती. प्रत्यक्षात बहुतेक पबनी तासाभराच्या आतबाहेरची वाढ घेतली. एकूण गुन्हे काही उसळले नाहीत, मात्र काही भांडणं सरकून पहाटे तीननंतर गेली, हे सरकारी पाहणीतही आलं.

हे वाचल्यावर माझ्यासाठी एक गोष्ट सुटी झाली. अकरा हा आकडा पवित्र नाही, तो एका युद्धाचा उरलेला तुकडा आहे. तो बदलला तर आभाळ कोसळणार नाही. पण ताट समोर आहे म्हणून आमचा बार आपोआप सभ्य, आणि कोपऱ्यावरचा जुना पब, जिथे रंगारी आणि प्लंबर बसतात, तो आपोआप त्रासदायक, हेही मला पटेना. त्या पबने दोन वर्षांपूर्वी वेळ वाढवून मागितली होती. तेव्हा आमच्या बिल्डिंगमधून विरोधाची अकरा पत्रं गेली. त्यातलं एक माझं होतं. पब माझ्या खिडकीपासून 80 पावलांवर आहे, बार थेट खाली. आवाजाचाच प्रश्न होता तर यावेळी माझा विरोध जास्त कडक असायला हवा होता. यावेळी बिल्डिंगमधून विरोधाची पत्रं गेली फक्त दोन.

मी बाजूने लिहिलं. पण कालवं छान असतात वगैरे लिहिलं नाही. शनिवारी पहाटे चारला उठणारा माणूस वर राहतो, हे लिहिलं. फुटपाथवर उभं राहून पिणं दहाला थांबवा, शेवटची माणसं निघताना दारात कुणीतरी उभं राहा, आणि मुख्य म्हणजे रिकाम्या बाटल्या रात्री डब्यात ओतू नका. ज्याच्या खिडकीखाली मध्यरात्री शंभर बाटल्या एकदम ओतल्या गेल्यात, त्यालाच कळेल मी काय म्हणतेय.

सुनावणी तीन नगरसेवकांपुढे झाली. बस ड्रायव्हर आला होता, ड्युटीच्या जॅकेटमध्येच. बारच्या बाई दुसऱ्या पंगतीचा हिशोब कागदावर लिहून घेऊन आल्या होत्या आणि वाचताना त्यांचा हात थरथरत होता. साडेबारा मिळाले नाहीत, बारा मिळाले. सव्वाअकरानंतर नवीन गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही, आणि बाटल्या सकाळी आठच्या आधी ओतायच्या नाहीत.

त्या कोपऱ्यावरच्या पबच्या मालकाला मी परवा भेटले. निळा कागद पुन्हा लावणार का विचारलं. तो म्हणाला, लावीन, पण यावेळी आधी तुझ्याकडे येईन. ये म्हटलं.