बडोद्याचे राजदप्तरदार आणि पुण्याचे चिमणराव

१९३३ साली एकाच मराठी लेखकाची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांतील एक लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने रोमन लिपीत छापले. ‘पटिसम्भिदामग्ग’ या ग्रंथावर महानाम थेरांनी लिहिलेल्या ‘सद्धम्मप्पकासिनी’ नामक अट्ठकथेचा तो पहिला खंड होता. जगभरात मोजकेच वाचक लाभतील असे ते पुस्तक. दुसरे मराठीत निघाले आणि घरोघर गेले. त्याचे नाव ‘चिमणरावाचे चऱ्हाट’. दोन्हींच्या मुखपृष्ठांवरील नाव एकच, चिंतामण विनायक जोशी. आणि हे गृहस्थ त्या वेळी राहत होते ते लंडनला नव्हे, पुण्यालाही नव्हे, तर आपल्या बडोद्यात.

चि. वि. जोशी हे नाव आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असते. परंतु चिमणरावाचा जन्मदाता या शहरात अनेक वर्षे नांदला, येथल्या महाविद्यालयात शिकवून पुढे संस्थानच्या दप्तराचा प्रमुख झाला, याची आठवण आता क्षीण झाली आहे. मराठी वाङ्मयेतिहासाची पुस्तके त्यांना ‘पुणेरी मध्यमवर्गाचे विनोदकार’ म्हणतात आणि बडोद्यातील नोकरीची नोंद चरित्राच्या एका ओळीत उरकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ती ओळ फारच आखूड आहे. चि. विं.च्या विनोदाची माती पुण्याची असेल, पण तिला मिळालेले पाणी पुष्कळसे बडोद्याचे आणि त्याहून दूरच्या मगध-कोसलचे आहे.

प्रथम त्या पाण्याचा उगम पाहू. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील साखवाळचे. बुद्धाच्या शोधात घर सोडून ते नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश हिंडले आणि पाली शिकून परतले. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे वेतन देऊ केले. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने आली. १९१२ पासून कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि त्यांच्यापुढे जे तरुण बसले, त्यांत १८९२ साली पुण्यात जन्मलेले चिंतामण जोशी होते. १९१६ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी पाली शिकणाऱ्यांसाठी एक इंग्रजी पाठ्यपुस्तक सिद्ध केले. पुढील अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यावरूनच पालीची धुळाक्षरे गिरवली. काही वर्षे अन्यत्र शाळामास्तरकी करून १९२०च्या सुमारास ते बडोदे कॉलेजात आले. बडोद्याच्या राजाने एका परिव्राजक पंडिताला आधार दिला, त्या पंडिताने पुण्यात शिष्य घडवला आणि तो शिष्य पुन्हा बडोद्यास आला, असे हे वर्तुळ आहे.

ज्या बडोद्यात ते आले, ते नगर मराठी साहित्याच्या दृष्टीने परके मुळीच नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून महाराजांच्या सेवेत होते आणि ‘रियासती’चा प्रचंड व्याप त्यांनी ही नोकरी सांभाळूनच आरंभला होता. कवी चंद्रशेखर येथलेच राजकवी. माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली याच शहरात झाला. मराठी साहित्य संमेलन १९०९ आणि १९२१ मध्ये बडोद्यात भरले होते, पुढे १९३४ मध्येही भरले. १९३२च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्ष तर स्वतः महाराजच होते. १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. १९१२ साली महाराजांनी दोन लक्ष रुपये ग्रंथप्रकाशनासाठी बाजूला काढले, त्यांच्या व्याजातून सयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला उभी राहिली. १९३१ साली निघालेला ‘श्री सयाजी शासन कल्पतरु’ हा कोश राज्यकारभारातील शब्द आठ भाषांतून देतो. रयत गुजराती, राजघराणे मराठी, दप्तर मोडीत, वरिष्ठांचा पत्रव्यवहार इंग्रजीत, अशा राज्यात भाषा ही केवळ अस्मितेची बाब राहत नाही; ती रोजच्या कामाचे हत्यार होते, आणि हत्याराची धार रोज तपासावी लागते.

या उजळ चित्रावर एक डाग आहे आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या दरबाराने भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, त्याच दरबारच्या राजधानीत १९१७ साली त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढण्यात आले. चि. वि. बडोद्यास आले ते त्यानंतर थोड्याच वर्षांनी. त्यांच्या कथांतील जग ब्राह्मणी मध्यमवर्गाच्या उंबरठ्यापलीकडे फारसे जात नाही, हा आक्षेप रास्तच आहे. बुद्धवचनांचा एवढा गाढा अभ्यासक असूनही असे का व्हावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतो. त्याचे एक उत्तर असे संभवते, की चि. वि. ज्यांना हसले ते त्यांचे स्वतःचेच लोक होते. दुसऱ्याच्या दैन्यावर हसणे त्यांना रुचले नाही. उत्तर पुरेसे नाही, पण खोटेही नाही.

१९२८च्या सुमारास अध्यापन सोडून चि. वि. राजदप्तराकडे आले. दप्तर म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांस सांगावे लागते. पिलाजीराव व दमाजीराव गायकवाडांपासून चालत आलेले हिशेब, सनदा, याद्या, जबान्या, अर्ज, तक्रारी, मानपानाचे तंटे, सारे मोडी लिपीत, कापडी रुमालांत बांधून ठेवलेले. या कागदांची निगा राखणे, वर्गवारी लावणे आणि महत्त्वाचे ते निवडणे हे दप्तरदाराचे काम. त्या दशकात बडोदे दप्तरातील निवडक ऐतिहासिक कागदांचे खंड छापले जाऊ लागले. ज्याने अशा रुमालांची धूळ थोडी जरी खाल्ली असेल, त्यास एक गोष्ट कळते. इतिहासाच्या पुस्तकात लढाया व तह असतात. दप्तरात माणसे असतात. कोणाला पालखीचा मान कमी मिळाला, कोणाची वर्षासने थकली, कोणी शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल अर्ज केला आणि त्या अर्जात आपल्या आजोबांच्या पराक्रमाचा पाल्हाळ कसा लावला, हे तेथे वाचावयास मिळते. अर्जदार आपल्या परीने अत्यंत गंभीर असतो, हसू येते ते वाचणाऱ्याला. चिमणराव ज्या गांभीर्याने आपल्या फजित्या सांगतात, त्याचा सूर मला या अर्जदारांच्या फार जवळचा वाटतो.

त्यापूर्वीचा मराठी विनोद वेगळ्या जातीचा होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून विनोदाला प्रतिष्ठा दिली. त्यांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे समाजातील खुळ्या रूढींवर प्रहार करण्यासाठी उभे केलेले त्रिकूट. राम गणेश गडकऱ्यांनी बाळकरामाच्या नावाने शब्दांच्या आणि अतिशयोक्तीच्या आतषबाजीने वाचकांस थक्क केले. त्या लेखनात लेखकाची बुद्धी पानोपानी चमकत असते. चि. वि. मात्र पानावरून स्वतः उठून जातात आणि तेथे चिमणरावांस बसवतात. हे भित्रे, सालस, संसारी गृहस्थ स्वतःच निवेदक असून आपण विनोदी आहोत याचा त्यांना पत्ताच नसतो. शेजारी धट्टाकट्टा, सोटा बाळगणारा, कोणत्याही संकटात आधी उडी टाकणारा आणि विचार मागाहून करणारा गुंड्याभाऊ. घरात आई, पत्नी काऊ आणि मुले. लग्न जुळवणे, प्रवास, पाहुणे अशा कोणत्याही घरात घडणाऱ्या गोष्टी हेच प्रसंग. मराठी विनोदात येथे प्रथमच एक सबंध कुटुंब नांदू लागले.

आता पुन्हा पालीकडे वळू. जातककथा ५४७ आहेत आणि त्या सर्वच उपदेशाने जड झालेल्या नाहीत. त्यांतील मूर्खांच्या कथा तर फारच बहारीच्या आहेत. एका सुताराच्या टकलावर डास बसतो. तो हाकल, असे बाप मुलाला सांगतो. मुलगा डासावर कुऱ्हाड घालतो आणि बापाचे डोके फुटते. दुसरीत राजाच्या बागेचा माळी उत्सवाला जाताना झाडांना पाणी घालण्याचे काम वानरांवर सोपवतो. पाणी जपून वापरावे म्हणून वानरांचा मुखिया आज्ञा देतो, की प्रत्येक रोप आधी उपटून त्याचे मूळ किती लांब आहे ते पाहा आणि त्या मानाने पाणी घाला. हेतू चांगला, निष्ठा अढळ, तर्कही वरकरणी बिनचूक, आणि बाग उजाड. गुंड्याभाऊच्या मदतीची तऱ्हा याहून निराळी कोठे आहे? चि. विं.नी ‘जातकांतील निवडक गोष्टी’ १९३० साली प्रसिद्ध केल्या; त्यानंतर दोन वर्षांनी ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि आणखी एका वर्षाने ‘चऱ्हाट’. सनावळीचा क्रम हा काही पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण एकच हात दिवसा वानरांची कथा मराठीत आणतो आणि रात्री गुंड्याभाऊची लिहितो, तेव्हा शाई बदलत नाही.

आणखी एक गंमत पाहावी. चिमण, काऊ, मैना, राघू, मोरू, अशी या घरातील नावे. मोरू हे मोरेश्वराचे रूप खरे, परंतु इतरांच्या पंगतीत ते आपोआप मोराचे होते. सारे घर म्हणजे एक घरटे आहे. जातकांत पोपट, कावळे आणि लावे माणसासारखे बोलतात व भांडतात. येथे माणसे पाखरांची नावे घेऊन तेच करतात. लेखकाने हे हेतुपुरस्सर केले की सहज, याचा निर्णय करण्याची गरज नाही. ज्याच्या कानात ती प्राचीन किलबिल वर्षानुवर्षे घुमत होती, त्याला अशी नावे सुचावीत यात नवल ते काय?

जातकाच्या रचनेत अखेरीस ‘समोधान’ नावाचा भाग येतो. गतजन्मीची कथा संपवून बुद्ध सांगतात, की त्या वेळचा तो मूर्ख म्हणजे आजचा हा भिक्षू. ऐकणाऱ्यांत बसलेल्या त्या भिक्षूचा चेहरा त्या क्षणी कसा झाला असेल! चि. विं.च्या कथेत असे काही सांगितलेले नसते, पण घडते नेमके तेच. कथा संपते आणि वाचक आपल्याच घरातील चिमणराव ओळखतो, पुष्कळदा आरशात.

राहता राहिला एक प्रश्न. बडोद्यात इतकी वर्षे काढूनही त्यांनी चिमणरावांस दांडिया बाजारात बिऱ्हाड का दिले नाही? याचे उत्तर परप्रांतात वाढलेल्या आपणांसारख्यांस देणे सोपे आहे. मराठी मुलुखात राहणाऱ्यास मराठीपण दिसत नाही. ते हवेसारखे असते. दुसऱ्या भाषेच्या शेजारात राहिले, की आपल्या म्हणी, आपले सणवार, आपला चिकटपणा आणि आपला ताठा हे सारे वेगळे उठून दिसू लागते. पुण्याचा माणूस इतका नेमका टिपण्यासाठी पुण्याबाहेर उभे राहणे उपयोगी पडले असावे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकांना आपण बहुधा सहानुभूतीने वागवतो, जणू ते मूळ वृक्षापासून तुटलेले डहाळे आहेत. जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहून लिहीत होते, चि. वि. बडोद्यात. मराठी कथेची ही दोन टोके, एक गडद आणि एक हसरे, मराठी मुलुखाच्या सीमेबाहेर घडली, हे त्या सहानुभूतीदारांच्या ध्यानात येत नाही.

चिमणराव लवकरच पुस्तकाबाहेर पडले. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला. त्यातील दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी लोकांनी डोक्यावर घेतली. १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ आला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तोवर चि. वि. हयात नव्हते. या लौकिकामुळे त्यांचे पालीकार्य मात्र अधिकच झाकले गेले. ‘सद्धम्मप्पकासिनी’चे उरलेले दोन खंड १९४० आणि १९४७ मध्ये निघाले. अशा संपादनात निरनिराळ्या लिप्यांतील प्रती ताडून पाहाव्या लागतात, प्रत्येक पाठभेद तळटीपेत नोंदवावा लागतो. चौदा वर्षे चाललेले हे काम, आणि त्याच काळात ‘वायफळाचा मळा’, ‘आणखी चिमणराव’, ‘ओसाडवाडीचे देव’ आणि ‘गुंड्याभाऊ’ ही पुस्तकेही. इतक्या गंभीर कामात गढलेला माणूस आपल्या विनोदी पुस्तकांना एरंडाचे गुऱ्हाळ आणि वायफळाचा मळा अशी नावे ठेवतो, यातला विनोद आपण विसरता कामा नये.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराज सयाजीराव विद्यापीठ त्याच सुमारास सुरू झाले होते. दरबार गेला, राजकवी हे पद गेले, मोडी तर त्याआधीच शाळांतून नाहीशी होत चालली होती. ज्या लिपीवर या शहराचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, ती वाचू शकणारे आता शोधावे लागतात. दप्तराचे ते रुमाल मात्र येथेच, बडोद्यात आहेत. आपल्या शाळेच्या काही विद्यार्थ्यांनी सुटीत मोडी शिकून त्यांतील एखादा तरी सोडावा, असे मला या निमित्ताने सुचवावेसे वाटते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. शिकवणारा एक, शिकणारे पाच आणि रोजचा एक तास लागतो.

चि. वि. जोशी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी निवर्तले. त्या वर्षी त्यांचे जे पुस्तक प्रसिद्ध झाले, ते विनोदी नव्हते. त्याचे नाव होते ‘बुद्धसंप्रदाय आणि शिकवण’.